तिसऱ्या फुलावरची मैना

ऊर्जानगर, चंद्रपूर
१२ ऑगस्ट २०२४

नागसेन,

जयभीम. अक्षर ओळखले असशील. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो. हैदराबादचा हा पत्ता सरिताच्या डायरीत होता. तू घर बदलले असेल तर पत्र परत येईल.

काम तुझ्या बाईच्या, आपल्या सरिताच्या, पाठांचे आहे. तिच्या आश्रमशाळेत दिव्यानी नावाची नवीन शिक्षिका आली आहे. गेल्या आठवड्यात आलापल्लीहून बसने मला भेटायला आली. पहिल्या वर्गातल्या मुलांना मराठी येत नाही, घरी सगळे माडिया बोलतात. ती म्हणाली, "काका, मी बोलतो तं पोट्टे माह्या तोंडाकडे पाह्यत राह्यते जी. हसतात बी नाई, रडत बी नाई. सैपाकवाली बुधरीबाई म्हणे सरिताबाईनं संगणकावर पाठ केल्ते. ते कुठी आहेत?"

मी तिला सीडी दिली. तिने शाळेतल्या संगणकावर लावून पाहिली. नुसता करडा चौकोन येतो. ते पाठ फ्लॅशमध्ये केलेले, आणि फ्लॅश कंपनीने बंद केले, एवढे मला माहीत आहे. पुढचे माहीत नाही.

या महिनाअखेर मी प्लांटमधून निवृत्त होतो. ऑक्टोबरअखेर क्वार्टर सोडायचे आहे. त्याआधी हे पाठ शाळेत चालावेत असे वाटते. चालवता येतात का, एवढेच कळव. जुन्या गोष्टींबद्दल मला काही म्हणायचे नाही. तुम्हा बहीणभावांत जे झाले ते तिच्यासोबत गेले असे समज.

श्रावण


ऊर्जानगर
३ सप्टेंबर २०२४

नागसेन,

पत्र परत आले नाही, म्हणजे मिळाले असावे.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. पाठ माझ्याकडे चालतात. आपल्या जुन्या संगणकावर, तू समोरच्या खोलीत लोखंडी टेबलावर बसवला होतास त्याच्यावर. प्लांटमधल्या राजदीपने मला युक्ती सांगितली होती. फ्लॅशमध्येच असे लिहून ठेवले आहे म्हणे की बारा जानेवारी २०२१ नंतर चालायचे नाही. ते तारीख पाहते. "तारीख मागे घ्या न भाऊ, त्याले काय समजते," असे तो म्हणाला. मी तारीख मागे घेतली. दर डिसेंबरात पुन्हा एक जानेवारी २०१९ वर आणतो. चुकीच्या तारखेमुळे इंटरनेट उघडत नाही, पण मला ते नको आहे. त्या संगणकात एप्रिल २०२१ कधी येत नाही.

रविवारी दिव्यानी पुन्हा आली तेव्हा तिला तो दाखवला. तिसरा पाठ लावला. मैना उडत येते, मोहाच्या एकेका फुलावर बसते, बुधरीबाई उंदी, रंड, मुंद म्हणते, मागोमाग सरिता एक, दोन, तीन म्हणते. तिसऱ्या फुलावर मैना थांबते आणि मुलाने बोट लावेपर्यंत हलत नाही. दिव्यानीने तो सहा वेळा लावला. मग कोपऱ्यातली तारीख पाहून म्हणाली, "काका, इथी तं अजून कोरोना लागला नाई."

मी हसलो. जाताना ती म्हणाली, "पण हा एक संगणक घेऊन मी काय करू जी? शाळेत बारा आहेत. त्यायची तारीख मागं घेतली तं हजेरी कशी भरू?"

तिचे बरोबर आहे. तू त्या वेळी हेच म्हणायचास. पाठ इथल्या खोलीत चालला म्हणजे झाला नाही, तिथल्या शाळेत चालला पाहिजे. शाळेला तेव्हा लिनक्सचे संगणक मिळाले होते. त्यांवर फ्लॅश नव्हते, नॅश नावाचा फुकटचा, कंपनीचा नसलेला प्लेअर होता, आणि तो तुझे निम्मे काम चालवायचाच नाही. आवाज पुढे, चित्र मागे. मग तू नवीन सोयी काढून टाकायचास आणि साध्या, जुन्या पद्धतीने पुन्हा करायचास. मला तो हट्ट वाटायचा. तिसऱ्या पाठाला तू एकवीस दिवस घेतलेस, कारण नॅशवर मैना थांबत नव्हती.

मी तेव्हा चहा करत असे. सरिता आणि तिच्यासोबत आलेली बुधरीबाई आवाज भरायला गोधडी पांघरून आत बसायच्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, आणि गोधडीतून बुधरीबाई ओरडायची, "भाऊ, चाहापत्ती टाका न थोडी, हे तं गरम पानी होय." पाचव्या पाठात प्लांटचा भोंगा तरी आलाच. तू तो काढणार होतास. सरिता म्हणाली राहू दे.

उत्तर दे. माझ्यासाठी नको, शाळेसाठी दे.

श्रावण


ऊर्जानगर
२० सप्टेंबर २०२४

नागसेन,

पाकीट काल मिळाले. पेनड्राइव्ह आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नव्हते, पण तुझे अक्षर तसेच आहे. ती मी पुन्हा इथे लिहून काढतो, म्हणजे मी नीट वाचली हे तुला कळेल. "हा रफल. फ्लॅशचे काम ब्राउझरमध्ये करतो. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिला आहे. एका कंपनीचा नाही, म्हणून एक कंपनी तो बंद करू शकत नाही. तारीख पाहत नाही. १ ते २४ चालतील, जुन्या पद्धतीने केले आहेत म्हणून. संस्थेच्या सीडीवरचे चालले तर चालले. त्याबद्दल मला विचारू नका."

राजदीपचा लॅपटॉप मागून आणला. त्यावर आजची तारीख असते. तिसरा पाठ लावला. झाड आले, फुले आली, मैना आली, पण आवाज नाही. मैना मुकाट फुलांवर बसत होती. मला वाटले चित्र टिकले आणि तिचा आवाज गेला. मी तसाच बसून राहिलो. मग तुझ्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पाहिले, तिथे लिहिले होते, "आवाज आला नाही तर चित्रावर एकदा क्लिक करा. हल्ली ब्राउझर विचारल्याशिवाय आवाज करत नाहीत." क्लिक केले.

पुढचे लिहीत नाही.

संस्थेची, आपल्या पाठांवरून नव्याने केलेली सीडीही लावून पाहिली. पन्नास शाळांत गेली होती ती. चित्रे अर्धी येतात आणि अडकतात. त्यातली नागपूरची बाई "नमस्कार बालमित्रांनो" म्हणते आणि तिथेच थांबते. बुधरीबाई त्यात नाही, सरिताही नाही, भोंगा नाही. तुझे बारा वर्षांपूर्वीचे बोलणे खरे झाले. संस्थेने ते कंपनीच्या अगदी नव्या पद्धतीने करून घेतले होते. शाळांतल्या लिनक्सवर ते तेव्हाही चालले नाही आणि आता कशावरच चालत नाही.

मूळ फाइलींची सीडी संस्थेला द्यायला नको होती. झाले ते झाले. तुझ्या बाईने त्यात वाईट विचार केला नव्हता, एवढे लक्षात ठेव.

श्रावण


ऊर्जानगर
६ ऑक्टोबर २०२४

नागसेन,

हे पत्र मी तीनदा सुरू केले आहे.

दिव्यानी परवा आली होती. रफलबद्दल तिने इंटरनेटवर शोधले. कोणाचे काय चालत नाही ते लोक तिथे लिहून ठेवतात आणि दुसरे कोणीतरी दुरुस्त करते, असे तिने सांगितले. मोबाइलवर एक पान उघडून माझ्यासमोर धरले. "काका, हे पाहा बरं. हे आपलंच झाड होय न?"

तिसऱ्या पाठाचे चित्र होते. वर तुझे नाव. दोन जून २०२१. इंग्रजीत होते, तिने मला मराठीत सांगितले. पाखरू तिसऱ्या फुलावर थांबत नाही, पुढे उडून जाते. फाइल जोडली आहे. फाइलीचे नाव "बाई-०३".

सरिता एकोणीस एप्रिलला गेली. तू दोन जूनला हे लिहीत होतास.

खाली परदेशातल्या कोणीतरी विचारले आहे, या कोणत्या भाषा आहेत, दोन बाया काय मोजत आहेत. तू उत्तर दिले आहेस, पहिली शाळेत स्वयंपाक करते, दुसरी माझी बहीण आहे, त्या फुले मोजत आहेत. दोन आठवड्यांनी त्या माणसाने दुरुस्ती पाठवली. मैना थांबली.

दिव्यानीने मोजले, तुझ्या अशा अकरा नोंदी आहेत. शेवटची मार्च २०२३ ची. प्रत्येकीला बाईचा एक पाठ जोडलेला. म्हणजे मी पत्र लिहिण्याच्या कितीतरी आधी तू ते सगळे चालते करून ठेवले होतेस. ज्या बहिणीने आपल्याला विकले असे तुला वाटत होते, तिचे.

आता लिहितो.

संस्थेला सीडी सरिताने दिली नाही. मी दिली.

मार्च २०१२. शनिवार होता, पण ती शाळेच्या कामामुळे आली नव्हती. तुला हैदराबादला जाऊन चार महिने झाले होते. संस्थेचे दोन लोक क्वार्टरवर आले. चांगले बोलले. एक म्हणाला, पाठ पन्नास शाळांत गेले तर मॅडम समितीवर येतील, समितीचे काम चंद्रपुरात आहे, बदली होऊन जाईल. नागसेन, तेव्हा ती नऊ वर्षे आलापल्लीपलीकडे होती. शनिवारी रात्रीच्या जेवणाला यायची आणि रविवारी दुपारची बस धरायची. बाकी दिवस मी शिफ्ट करून या खोलीत यायचो. मी उठलो, कपाटातून निळ्या कव्हरची सीडी काढली आणि दिली. कव्हरवर तू लिहिले होते, मूळ फाइली, कोणाला देऊ नये. ते मी वाचले होते.

बदली झाली नाही. ते तुला माहीत आहे.

सीडी बाहेर आली तेव्हा तुझा फोन आला. मी तिच्यासमोर उभा होतो, जेवणाचा डबा हातात. तू विचारलेस, "बाई, मूळ सीडी कोनं देली?" फोनमधून मला ऐकू आले. तिने माझ्याकडे पाहिले. तिला तोपर्यंत माहीत नव्हते, माझ्या तोंडाकडे पाहून कळले. आणि ती म्हणाली, "मीनंच देली."

फोन ठेवल्यावर मी म्हटले, काऊन खोटं बोलली? ती म्हणाली, "तो माह्यावर चिडला तं दोन महिन्यानं येईल. तुमच्यावर चिडला तं कवाच येनार नाई." तिचा अंदाज चुकला. तू नऊ वर्षे आला नाहीस. त्या नऊ वर्षांत कोणत्याही दिवशी मी तुला फोन करू शकत होतो.

अजून एक आहे. दवाखान्यात तिने दोनदा सांगितले, नागसेनले फोन लावा. मी बाहेर व्हरांड्यात गेलो, फोन हातात धरून उभा राहिलो आणि आत येऊन सांगितले की लागून नाही राहिला. मी लावलाच नव्हता. तुम्ही दोघे बोलला असता तर ते निघाले असते. तिसऱ्या दिवशी तोंडावर मास्क होता. तिने हाताने खूण केली. मी मान हलवली.

तू त्या वेळी विचारलेस, "बाई गेल्यावर कळवता का भाऊजी?" मी म्हटले नेटवर्क नव्हते.

माफी मागायला लिहीत नाही. तू तिचे अकरा पाठ दुरुस्त केलेस ते तिच्यावर राग ठेवून केलेस, हे मला सहन होत नाही. तो राग तिच्या वाट्याचा नाही, माझ्या वाट्याचा आहे.

श्रावण


१४ ऑक्टोबर २०२४

नागसेन,

सोबतचे पत्र आठ दिवस टेबलावर होते. आज टाकतो. उद्या इथल्या, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाईन. ती आणि तू जिथे पुस्तके पाहत उभे राहायचात, त्या बाजूला.

श्रावण


ऊर्जानगर
२८ ऑक्टोबर २०२४

नागसेन,

१९ तारखेला शाळेत गेलो होतो. सकाळच्या बसने आलापल्ली, पुढे दिव्यानीच्या गाडीवर. बारा संगणकांवर तिने आणि राजदीपने मिळून रफल टाकले होते. राजदीप रजा काढून आला, मला आधी सांगितलेही नाही. पहिल्या वर्गाची एकोणतीस मुले खाली बसली. बुधरीबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात उभी राहिली.

तिसरा पाठ लागला. उंदी म्हटल्याबरोबर सगळ्यांनी माना वर केल्या. पडद्यातून कोणी माडिया बोलेल असे त्यांना वाटले नव्हते. दुसऱ्यांदा लावला तेव्हा मैना बसायच्या आधीच मुले ओरडत होती. तिसऱ्यांदा सरिताच्या मागोमाग एक, दोन, तीनही म्हणाली. दिव्यानी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

बुधरीबाई मला म्हणाली, "भाऊ, हे कोन होय? माहा आवाज एवढा बारीक होता का?"

मी म्हटले, तुमचाच आहे.

"मंग चाहापत्ती कमी पडली असंल," ती म्हणाली.

पाठ संपल्यावर मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. तुला लिहिले ते सगळे तिला सांगितले. माझी कल्पना होती की हे आपल्या तिघांतले आहे, तिला त्याचे काय. ती चुलीसमोर बसली होती. मग म्हणाली, "मले बारा वर्सं वाटे भाऊ, माहा आवाज सरिताबाईलेच आवडला नाई. म्हनून काढून टाकला. मीनं तिले कवा विचारलं नाई. ती बी बोलली नाई."

तिने चुलीत आणखी एक लाकूड सारले.

"तिच्या भावाले सांगतलं का?"

"पत्र टाकले."

"मंग मले काऊन सांगता," ती म्हणाली आणि उठून भात पाहायला गेली. जेवताना तिने मला वाढले, पण माझ्याकडे पाहिले नाही. बसवर सोडायला दिव्यानी आली. निघताना म्हणाली, पुढच्या वर्षी बुधरीबाई आणखी पाठ बोलायला तयार आहे, फक्त चहा दुसऱ्या कोणी करायचा.

क्वार्टर परवा सोडतो. गडचिरोलीला पुतण्याकडे एक खोली आहे. पलंग, कपाट दिले. संगणक तेवढा राहिला होता. काल संध्याकाळी त्याची तारीख बरोबर केली. २७ ऑक्टोबर २०२४. जुना प्लेअर उघडला, करडा चौकोन आला. ते होणार हे माहीत होते, तरी पाहिले. मग तुझ्या पेनड्राइव्हवरून रफल लावला, तिसरा पाठ उघडला आणि चित्रावर एकदा क्लिक केले.

तेवढ्यात तुझा फोन आला.

तू काही बोलला नाहीस. मीही बोललो नाही. खोली रिकामी असल्यामुळे आवाज घुमत होता, तुला ऐकू गेला असेल. बुधरीबाईने मोजले, मग तिने मोजले. मैना तिसऱ्या फुलावर थांबली. आता बोट लावल्याशिवाय पुढचे होत नाही, तुला ठाऊक आहे. तू फोन ठेवला नाहीस. तुझा श्वास ऐकू येत होता.

मी फोन टेबलावर संगणकाजवळ ठेवला, बोट लावले आणि चोविसाव्या पाठापर्यंत तिथेच बसलो. पाचव्यात भोंगा झाला तेव्हा पलीकडून एकदा काहीतरी आवाज आला. हसलास की काय झाले, मला कळले नाही. शेवटचा पाठ संपल्यावर तू फोन ठेवलास.

संगणक कोणाला दिलेला नाही. सोबत पुतण्याचा पत्ता लिहिला आहे.

श्रावण